खुलासा : ‘९०च्या आत’ म्हणजे कान सुरक्षित नव्हे

“आवाज ९० डेसिबलच्या आत असेल तर आठ तास बिनघोर काम करा, वर गेला तर कानात प्लग घाला की झाले,” असा मेसेज यंत्रमाग कामगारांमध्ये फिरतो आहे. त्यातले दोन्ही सल्ले फसवे आहेत.

८ तासांना ९० ही मर्यादा कारखाना नियमांत आहे, हे खरे. पण ती कायद्याची रेघ. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेच्या १९९८च्या अंदाजानुसार, ४० वर्षांच्या नोकरीत ८५ डेसिबलला शंभरातल्या सुमारे ८ जणांना, तर ९०ला सुमारे २५ जणांना आवाजापायी बहिरेपण येते. वयाने येणारे वेगळेच. पाच डेसिबलांत धोका तिप्पट! कारण दर ३ डेसिबलला ध्वनिऊर्जा दुप्पट होते. म्हणून नायॉशची शिफारस अशी : ८५ला ८ तास, ८८ला ४, ९१ला २ आणि ९४ला एकच तास.

आता प्लग. ३० डेसिबल रोखणारा प्लग अर्धी पाळी काढून ठेवला, तर पदरात जेमतेम ३ डेसिबल पडतात. फोमचा प्लग बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरायचा. निम्मा बाहेर दिसला तर तो बसलेलाच नाही.

नुकसान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांत दिसते. बोलणे तेव्हाही ऐकू येते, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पहिली ऑडिओमेट्री (कानाची ऐकण्याची तपासणी) पाळी सुटल्या-सुटल्या करू नका, तात्पुरता बधिरपणा त्यात मिसळतो. आधी किमान १४ तास गोंगाटापासून लांब राहा.