दिवे मालवून काय साधते? : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपण इतक्या तळमळीने लिहिले आहे की दोन ओळींत आभार मानून मोकळे होणे मला योग्य वाटले नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : सेवाभावी संस्था ‘दिवे मालवा, चालत जा, कमी खरेदी करा’ अशा मोहिमा चालवतात, त्यामुळे मोठे प्रदूषक नामानिराळे राहतात आणि सगळा भार सामान्य माणसावर येतो; या संस्थांना मिळणाऱ्या देणग्या न्यायालयीन लढ्यांवर खर्च झाल्या तर अधिक बरे.

आपला संशय निराधार नाही. ‘कार्बन फूटप्रिंट’ (म्हणजे एका माणसाच्या राहणीमुळे हवेत जाणाऱ्या कार्बन वायूंचा हिशेब) ही कल्पना घरोघरी पोचवण्यात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा वाटा होता, आणि तेल विकणाऱ्यानेच गिऱ्हाइकाकडे धुराचा हिशेब मागावा याची मलाही चीड येते. पण एका कंपनीने ही भाषा स्वतःच्या सोयीसाठी वापरली, म्हणून लोकांच्या सवयींशी बोलणारी प्रत्येक मोहीम त्याच माळेचा मणी ठरत नाही.

माझ्या मते अशा मोहिमेचे मोल वाचलेल्या विजेत कमी आणि ‘इतर लोकही हे करतात’ हे सर्वांना दिसण्यात अधिक असते. अमेरिकेतील एका हॉटेलात झालेला आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. खोल्यांच्या न्हाणीघरांत टॉवेल पुन्हा वापरण्याची विनंती करणारी कार्डे ठेवली होती. पर्यावरण वाचवण्याचे आवाहन असलेल्या कार्डाला सुमारे 35 टक्के पाहुण्यांनी प्रतिसाद दिला. बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात, एवढेच सांगणाऱ्या कार्डाला सुमारे 44 टक्के. आणि याच खोलीत राहून गेलेल्या पाहुण्यांचा दाखला दिला, तेव्हा ते प्रमाण आणखी वाढले. ज्या माणसाला पर्यावरणाच्या चर्चेत एरवी रस नसतो, त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट उपदेशातून नव्हे, तर अशा शेजारधर्मातून जाते.

आणि सवयी बदलल्या म्हणून कायदे मागे पडतात, हे इतिहासाला धरून नाही. फवाऱ्यांच्या डब्यांत तेव्हा वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन या वायूंमुळे ओझोनचा थर नष्ट होऊ शकतो, असे मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये मांडले. उद्योगांनी त्यांना कडाडून विरोध केला. ओझोनचे छिद्र तर 1985 पर्यंत जगाला ठाऊकही नव्हते. तरीही अमेरिकेतील असंख्य लोकांनी केसांवर आणि अंगावर मारायचे ते फवारे घेणे सोडले, खप घसरला, काही उत्पादक आपण होऊन पर्यायांकडे वळले, आणि मग 1978 मध्ये तिथे अशा बहुतेक फवाऱ्यांतील या वायूंवर बंदी आली. ओझोनला घातक वायूंचा वापर जगभर थांबवण्यासाठी झालेल्या 1987 च्या मॉन्ट्रियल कराराची वाट जिथे जिथे सोपी झाली, त्यांत हा टप्पा मला महत्त्वाचा वाटतो, कारण कायदा आला तेव्हा लोक त्याच्या विरोधात उभे नव्हते.

एका ठिकाणी मात्र मी पूर्णपणे आपल्या बाजूने आहे. ज्या मोहिमा वर्षातून एक तास दिवे मालवण्यावर थांबतात आणि घर तापवणे किंवा थंड ठेवणे, विमानप्रवास, मोटार, मांसाहार या जड विषयांना लोक दुरावतील या भीतीने हातच लावत नाहीत, त्या आपल्या श्रोत्यांना कमी लेखतात. सोपी कृती ही सुरुवात म्हणून ठीक आहे. तिलाच पूर्ण कर्तव्य म्हणून सादर करणे ही फसवणूक आहे.

राहिला देणग्यांचा प्रश्न. नेदरलँड्समधील उर्गेंडा या संस्थेने सुमारे 900 नागरिकांना सोबत घेऊन सरकारविरुद्ध खटला भरला, आणि 2020 अखेर हरितगृह वायूंचे उत्सर्जन 1990 च्या तुलनेत किमान 25 टक्क्यांनी घटवलेच पाहिजे, हा आदेश तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये कायम केला. आपल्याला हवा तो लढा हाच. आणि सामान्य घरांना एकत्रितपणे सौर पॅनेल घेता यावीत म्हणून मोहीम चालवणारी संस्थाही हीच.