परदेशी कोर्टाची नोटीस फाडू नका

परदेशात लग्न करून गेलेल्या मुलींसाठी व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरतो. तिकडच्या कोर्टाची घटस्फोटाची नोटीस आली तर फाडून टाका, तो घटस्फोट भारतात चालत नाही. मुलाला घेऊन माहेरी या, भारत हेग करारात (एका पालकाने परदेशात नेलेलं मूल परत पाठवण्याचा देशादेशांतला करार) नाही, त्यामुळे मूल कोणी परत नेऊ शकत नाही. आणि नवरा तिकडेच असेल तर पोटगी विसरा. यावर विसंबून कुणाचं आयुष्य अडकू नये, म्हणून एकेक मुद्दा घेते.

घटस्फोट चालत नाही? कधी चालतो, कधी नाही. परदेशी निकाल केव्हा नाकारायचा ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 13 मध्ये आहे. 1991 साली नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी या पती-पत्नीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने अमेरिकेतल्या मिसुरीचा घटस्फोट मानला नाही, कारण लग्न हिंदू पद्धतीचं होतं आणि 'संसार पार मोडला' हे कारण हिंदू विवाह कायद्यात नाही. पण त्या पत्नीने नोटीस फाडली नव्हती. त्या कोर्टाकडे लेखी हरकत नोंदवली होती. त्याच निकालात अपवादही आहेत. पत्नीने तिथे स्वेच्छेने हजर होऊन आपल्या कायद्यातल्या कारणावर खटला लढवला किंवा घटस्फोटाला संमती दिली, तर तो इथेही मानला जातो. म्हणून उत्तर द्यायचं की नाही, दिलं तर कोणत्या शब्दांत, हे मुदत संपण्याआधी वकिलाकडून ठरवून घ्या. गप्प बसलात तर तिथलं घर आणि मुलाचा ताबा तुमच्या गैरहजेरीत ठरेल.

मुलाचा मुद्दा सगळ्यात घातक आहे. भारत 1980 च्या हेग करारात नाही, एवढं खरं. पण त्यामुळे आपल्या कोर्टाचे हात बांधलेले नाहीत. 1986 सालीच सुप्रीम कोर्टाने मिशिगनहून बापाने पुण्यात आणलेला मुलगा अमेरिकन आईच्या हवाली केला होता. दुसरा पालक हायकोर्टात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करा असा अर्ज करतो, आणि कोर्ट पाहतं ते मुलाचं हित. 2017 च्या नित्या राघवन प्रकरणात ब्रिटनहून आलेली मुलगी आईजवळ भारतात राहिली. 2020 च्या यशिता साहू प्रकरणात मात्र मुलीला अमेरिकेला परत न्यायचा आदेश आईला मिळाला. म्हणजे आगाऊ खात्री कुणीच देऊ शकत नाही. शिवाय अमेरिकेत 1993 च्या कायद्याने दुसऱ्या पालकाचा हक्क डावलण्यासाठी मूल देशाबाहेर नेणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. असं मूल घेऊन आलेल्या बाईला पुढे अमेरिकेत पाऊल ठेवणंही अवघड होऊन बसतं. घरात मारहाण होत असेल तर निघावंच लागतं, तेव्हा तिथल्या पोलिसांकडची नोंद, डॉक्टरांचे कागद, मेसेज सोबत हवेत. इथल्या कोर्टात तेच कामाला येतात.

पोटगीचं म्हणणं तर सरळ चूक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली, पत्नी आपण राहतो तिथेच अर्ज करू शकते. कौटुंबिक हिंसाचार कायद्यात अर्जासाठी तात्पुरतं राहण्याचं ठिकाणही पुरतं. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. वसुली कठीण असते, हे मान्य. पण नवऱ्याच्या नावावर इथे फ्लॅट किंवा बँक खातं असेल तर जप्ती मागता येते, म्हणून त्याचे तपशील अर्ज करण्याआधीच जमवा.