कुठलं?

आत्ता सोसायटीच्या मीटिंगमधून आले. गॅसवर चहा आहे, तो उतू जाणार बहुतेक, पण हे आधी लिहून टाकते. नाहीतर रात्रभर डोक्यात घोळत बसेल.

विषय काय, तर कचरा न्यायला येणाऱ्या दोघींचे महिन्याचे पैसे घरटी वीस रुपयांनी वाढवायचे का. वीस! आमच्या पार्किंगमधल्या गाड्या बघितल्यात तर हसाल. त्यावर एक सद्गृहस्थ उठले (चांगले शिकलेले, दहा वर्षं बाहेर राहून आलेले) आणि म्हणाले, "अहो, अनस्किल्ड काम आहे. हे इकडे, ते तिकडे. त्याला काय डोकं लागतं?" तीन-चार माना डोलल्या. मी गप्प बसले. राग आला की मला शब्द सुचत नाहीत, जिना चढून घरी आल्यावर सुचतात.

माझ्या बाबांनी जन्मभर हेच केलं. हे इकडे, ते तिकडे. बाबा आरएमएसमध्ये सॉर्टर होते. रेल्वे मेल सर्व्हिस. पोरांना ठाऊक नसेल म्हणून सांगते, रात्रीच्या गाडीला टपालाचा वेगळा डबा असायचा. आत कप्पेच कप्पे. त्यांच्यासमोर उभं राहून, गाडीचे हिसके खात ही माणसं पत्रं लावायची आणि पुढचं स्टेशन यायच्या आत थैली बांधून, लाखेचं सील मारून तयार ठेवायची. सकाळी बाबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या बोटांना लाखेचा वास असायचा.

त्यांच्या सॉर्टिंगच्या परीक्षा असत. परीक्षा जवळ आली की घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कापल्या जायच्या. पत्त्यांच्या पानाएवढे तुकडे, प्रत्येकावर एका पोस्टाचं नाव. आमच्याकडे शहाबादी फरशी होती. एक फरशी म्हणजे एक थैली. आई आत भाकऱ्या थापायची आणि मी, सात-आठ वर्षांची, कार्ड उचलून मोठ्यांदा वाचायची. देवरुख! कुरुंदवाड! चाळीसगाव! माझा शब्द पुरा व्हायच्या आत कार्ड हातातून जाऊन आपल्या फरशीवर पडलेलं असायचं. मला वाटायचं, जगात असं फक्त माझ्या बाबांनाच येतं.

एकदा मी वाचलं, "पिंपळगाव."

हात थांबला. "कुठलं?"

मी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "एवढंच लिहिलंय."

"बसवंत असेल तर नाशिक. हरेश्वर असेल तर जळगाव. राजा असेल तर बुलढाणा. कुठलं?" आणि ते कार्ड त्यांनी कुठल्याच फरशीवर टाकलं नाही, मांडीखाली सरकवून ठेवलं. मी हिरमुसले. बाबा नापास झाले असंच वाटलं मला. ते कार्ड त्यांनी मुद्दाम तसं अर्धवट लिहिलं होतं, हे फार वर्षांनी आईने सांगितलं. हात भरधाव चालायला लागला की थांबायचं विसरतो म्हणून. तासाला शेकडो पत्रं टाकणारा माणूस सराव कसला करत होता, तर थांबायचा!

बरं, फरश्याही कायमच्या नव्हत्या. दौंड-मनमाडवरून जायच्या टपालाची गाडी चुकली की तेच टपाल कल्याणवरून काढायचं, म्हणजे काल एका थैलीत जाणारी गावं आज तीन थैल्यांत. हे रात्री दोन वाजता, डुलत्या डब्यात, मनातल्या मनात. आणि म्हणे डोकं लागत नाही.

हो, माहितीये, आता कोणीतरी पिनकोडचं काढणार. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला आणि तो बसवला आपल्याच मराठी माणसाने, श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. हा माणूस टपालखात्यात अधिकारी आणि वर संस्कृत कवी! सहा आकड्यांत अख्खा देश. पहिला आकडा ४ म्हणजे आपण, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. ४२२२०९ लिहिलं की पिंपळगाव बसवंतच, विचारायची गरज नाही. काम सोपं झालं, बाबाही मानायचे. पुढे मशीनही आली. ठीक आहे. पण लोक पिन लिहायचे कुठे? "मु. पो. वडगाव" एवढंच. मावळातलं, पेठ वडगाव, निंबाळकरांचं, शेरी, बुद्रुक? कुणीतरी मान वर करून विचारायला हवंच ना, की बाबा रे, कुठलं?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मीटिंगनंतर खाली त्या ताई कचरा वेगळा करत बसल्या होत्या. माझ्या हातात पिशवी होती. मी सहज विचारलं, "प्लास्टिक कुठे टाकू?"

त्या मान वर न करता म्हणाल्या, "कुठलं?"

मी तिथेच उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं आणि मला वेड्यासारखं झालं.

मग बसलेच त्यांच्या शेजारी. दुधाची पिशवी वेगळी. पाण्याची बाटली वेगळी, आणि तिचं झाकण त्याहून वेगळं, कारण ते प्लास्टिकच निराळं. पातळ पिशवी असेल तर त्या मुठीत चुरगाळतात. कर्रकर्र वाजली तर एक जात, मऊ राहिली तर दुसरी. कानाने! वेफर्सचं चकचकीत पाकीट कुणी घेत नाही. पुठ्ठा भिजला की भाव पडला. आणि भंगारवाल्याने भाव बदलला की काल एकत्र असलेले दोन ढीग आज वेगळे करायचे. परवाची फरशी आज चालत नाही. मला बी.कॉम. होऊन हे येत नाही. त्या सद्गृहस्थांनाही येत नाही, पैजेवर सांगते. त्यांची बादली मी बघितलीये.

पुण्यात या बायकांनी १९९३ मध्ये संघटना बांधली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. नावातच वर्गीकरण आहे बघा. पुढे 'स्वच्छ' सहकारी संस्था झाली. ओला, सुका, घातक असं घरातच वेगळं करून द्या, हे २०१६ च्या नियमांत आलं. आपल्याला तीन बादल्या जमत नाहीत आणि तीसेक प्रकार हाताने वेचणाऱ्या बाईला आपण अनस्किल्ड म्हणतो.

चहा उतू गेला. पुसून आले.

आता जरा शांत झालेय, तर खरं तेही सांगते. ते गृहस्थ तसे वाईट नाहीत. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी रात्री गाडी त्यांनीच काढली होती. बजेटचंही त्यांचं अगदीच चूक नाही, लिफ्टचं काम तोंडावर आहे. आणि मी तरी काय? सॉर्टरची मुलगी, पण परवापर्यंत माझ्याकडे सगळं एकाच पिशवीत जात होतं. खरकट्यात ब्लेडसुद्धा. त्या ताईंच्या बोटाला पट्टी आहे. ती कुणाच्या ब्लेडमुळे, हे मी विचारलं नाही. धीर झाला नाही.

बाबा सकाळी घरी आले की आधी हात धुवायचे, मग चहा घेताना सांगायचे, आज अमुक एक पत्र थांबवलं. कधी हे नाही सांगितलं की आज किती टाकली.

रविवारी साडेदहाला पुन्हा मीटिंग आहे, क्लब हाउसमध्ये. आमच्या सोसायटीतले जे हे वाचताय ते या, आणि हात वर करा. येणार नसाल तर निदान ब्लेड, फुटलेली काच कागदात गुंडाळून, वर लिहून, वेगळी द्या. लिहिताना नुसतं 'कचरा' लिहू नका.