मरिनोवरच्या लेखाला आलेल्या प्रतिक्रियेबद्दल

अमेरिकन फुटबॉलमधला सुपर बोल, म्हणजे सीझनचा अंतिम सामना, जिंकला म्हणून क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू) थोर आणि हरला म्हणून तो कुचकामी, हा हिशेब बंद करा, असं मी गेल्या आठवड्यात डॅन मरिनो या क्वार्टरबॅकवरच्या लेखात लिहिलं. त्यावर एका वाचकांनी बरंच सुनावलं आहे. त्यातलं एक वाक्य असं: "जन्मात हेल्मेट न घातलेल्या, सोफ्यावर बसून मॅच बघणाऱ्या देशी माणसाने क्वार्टरबॅकचा न्याय करायला जाऊ नये."

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. सुपर बोल 50 मधले क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगचे यार्ड (पास फेकून मिळवलेलं अंतर) मी 131 लिहिले होते, ते 141 हवेत. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता ते वाक्य. मतभेद जरूर असावेत, पण ही बोलायची रीत नव्हे. मी तुमच्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. आणि 'देशी' कशाला? प्रतिक्रिया तर तुम्हीही मराठीतच लिहिली आहे.

हेल्मेट मी घातलं नाही, खरं आहे. माझ्या मुलाने चार वर्षं घातलं. इथे न्यू जर्सीत हायस्कूलला तो लेफ्ट टॅकल होता. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक पासची तयारी करतो तेव्हा डावी बाजू त्याच्या पाठीमागे जाते, ती सांभाळणारा. दर शुक्रवारी संध्याकाळी मी स्टँडमध्ये असायचो, पावसातसुद्धा. चार वर्षांत लाउडस्पीकरवर त्याचं नाव मी ऐकलं ते फक्त पेनल्टी झाली तेव्हा.

एकदा शेवटच्या दोन मिनिटांत आमचा क्वार्टरबॅक मागून धडकून आडवा झाला, चेंडू सुटला, सामना गेला. माझ्या मागच्या रांगेतली मोठी माणसं त्या सोळा वर्षांच्या पोराला नाही नाही ते बोलली. त्याची आई तिथेच बसली होती. गाडीत माझा मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, त्याला अडवायचं काम माझं होतं. मी चुकलो." हे स्टँडमधल्या कुणालाच दिसलं नव्हतं. मलाही नाही, आणि मी तर त्याच्यावरच डोळे लावून बसलो होतो. तेव्हा न्याय कुणी करायचा हे मला तुम्ही शिकवू नका.

बाकीचं थोडक्यात. 2011 मध्ये मॅनिंग मानेच्या दुखण्याने बाहेर बसला आणि त्याचा संघ कोल्ट्स 2-14 (2 विजय, 14 पराभव) झाला, म्हणजे क्वार्टरबॅकच सगळं, हा तुमचा मुद्दा नेहमीचाच आहे. 2008 मध्ये पहिल्याच सामन्यात क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचा गुडघा गेला, तरी राखीव मॅट कॅसलला घेऊन त्याचा संघ पेट्रिअट्स 11-5 झाला. ते तुम्ही सोयीस्कर विसरलात. पगार जास्त म्हणून दोषही जास्त, हा तुमचा मुद्दा वेगळ्या लेखाचा विषय आहे. सुपर बोल जिंकणाऱ्यांना अंगठी मिळते, म्हणून तुम्ही म्हणता "अंगठ्या मोजा". याला काय उत्तर द्यायचं? रेव्हन्सचा क्वार्टरबॅक असलेल्या ट्रेंट डिल्फरकडेही अंगठी आहे. 2000 च्या सीझनमध्ये रेव्हन्सच्या डिफेन्सच्या जोरावर संघाने 16 सामन्यांत फक्त 165 गुण दिले होते; सुपर बोल 34-7 असा जिंकून झाल्यावर त्याच संघाने डिल्फरला सोडलं. ब्रेडीने 2018 च्या फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये 505 यार्ड फेकले आणि ईगल्सकडून 41-33 हरला. त्या रात्री तो वाईट खेळला असं तुम्ही म्हणणार का?

मूळ लेख ज्याच्यावर होता त्या डॅन मरिनोबद्दल तर तुमच्या प्रतिक्रियेत एक ओळ नाही. 1984 च्या सीझनमध्ये 5,084 यार्ड, 48 टचडाउन (चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवणं). मग सुपर बोलमध्ये फोर्टी-नाइनर्सकडून 38-16 हार, आणि त्यानंतर 15 सीझन खेळूनही तो तिथे परत पोचला नाही. यात त्याचा स्वतःचा दोष किती, हे मला तुमच्याकडून खरोखर ऐकायचं आहे. त्यावर लिहिलंत तर सविस्तर उत्तर देईन. माझ्या सोफ्यावर लिहिलंत तर देणार नाही.