नाणं म्हणजे हळदीचं पोतं नव्हे

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज माझ्याकडे चार वाटांनी आला. जुन्या मित्रांच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, एका पालकांनी ‘सर, हे खरं का?’ म्हणून पाठवला, आणि शेवटी प्रथम वर्षाच्या माझ्याच एका पोराच्या वहीत मागच्या पानावर उतरवलेला दिसला. मी सांगलीत विश्रामबागेला संख्याशास्त्राचे क्लास घेतो. पहिले तीन मी सोडून दिले असते, वहीतला सोडवेना.

मेसेजचं सार असं. गणिताने सिद्ध झालंय की निसर्ग सरासरी राखतोच. म्हणून (एक) नाण्यावर सलग सहा वेळा छापा आला की सातव्यांदा काटा यायची शक्यता 99 टक्के. (दोन) तीन मुलींनंतर चौथा मुलगा व्हायची शक्यता 16 पैकी 15. (तीन) कुठल्याही गोष्टीची शक्यता शेवटी 50 टक्केच, ती होईल किंवा नाही होणार. (चार) शंभर वर्षांचा पूर 2019 ला येऊन गेला, आता सांगलीकरांनी 2119 पर्यंत निवांत झोपावं. खाली हात जोडलेले आणि ‘पुढे पाठवा’.

पहिला आणि तिसरा मुद्दा एकमेकांचा गळा धरतात, हे लिहिणाऱ्याच्याही लक्षात आलेलं नाही. सगळंच 50 टक्के असेल तर काटा 99 टक्के कसा? असो.

नाण्यापासून सुरुवात करू. हा 99 चा आकडा कुठून आला ते मला ठाऊक आहे, कारण दरवर्षी चार-पाच उत्तरपत्रिकांत तो भेटतो. सलग सात छापे यायची संभाव्यता 128 मध्ये 1. ती एकातून वजा केली की 128 पैकी 127, म्हणजे 99 टक्क्यांच्या वर. गुणाकार बरोबर, वजाबाकी बरोबर, फक्त प्रश्न दुसराच सोडवलाय. 128 मध्ये 1 हे उत्तर नाणं अजून खिशात असताना विचारलेल्या प्रश्नाचं आहे. सहा छापे पडून गेल्यावर त्या सहांबद्दल शंकाच उरली नाही. उरली ती एक फेक, आणि तिला दोनच वाटा, दोन्ही सारख्या.

पण खरी गंमत पुढे आहे. ‘आता काट्याची पाळी’ हे आपल्याला इतकं पटतं कारण रोजच्या व्यवहारात ते पुष्कळदा खरं असतं. मार्केट यार्डातलं हळदीचं पोतं घ्या. समजा त्यात शंभर हळकुंडं आहेत, पन्नास चांगली, पन्नास किडकी. न बघता एकेक काढून बाजूला ठेवत गेलात आणि पहिली सहाही चांगली निघाली, तर आत उरली 44 चांगली आणि 50 किडकी. पुढचं किडकं निघायची शक्यता 94 पैकी 50, म्हणजे 53 टक्क्यांच्या आसपास. वाढली की नाही? वाढली. गणेशोत्सवातल्या हाऊझीतही तसंच. 90 आकड्यांपैकी 60 पुकारून झाले आणि तुमच्या तिकिटावर एकच आकडा राहिलाय, तर तो पुढच्याच खेपेला निघायची शक्यता सुरुवातीला होती 90 त 1, आता 30 त 1. तिथे ‘आता माझा नंबर लागणार’ असं म्हणणाऱ्या काकूंचं गणित चोख आहे.

कारण पोत्यातून आणि पिशवीतून माल कमी होत जातो. नाण्यातून काय कमी होतं? सहा छापे वापरले म्हणून नाण्यातले छापे संपत आले, असं होत नाही. आपण ‘स्वतंत्र घटना’ म्हणतो ते एवढंच: आधीचं निघालेलं पुढच्याच्या वाट्यातून काही काढून घेत नाही. आणि बघा, पोत्यातसुद्धा आकडा 53 वर अडला, 99 कुठेच नाही.

यावर हुशार पोरं लगेच विचारतात, ‘सर, मग मोठ्या संख्यांचा नियम?’ प्रश्न रास्त आहे. याकोब बर्नुली या स्विस गणितज्ञाने तो नियम मांडून सिद्ध केला, आणि त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1713 मध्ये छापला गेला. नियम सांगतो की फेका वाढत गेल्या की छाप्यांचं प्रमाण निम्म्याच्या जवळ जातं. मेसेजवाल्याने यातून काढलं की निसर्ग आधीचं देणं फेडतो. फेडत बिडत काही नाही. पहिल्या सहा फेका छापा धरा. पुढच्या 994 फेकांत बरोबर निम्मे, म्हणजे 497 छापे आले. एकूण 503, प्रमाण 50.3 टक्के. फेका 10,000 पर्यंत नेल्या आणि पुढे सगळं निम्मंनिम्मं राहिलं तर एकूण 5,003 छापे, 50.03 टक्के. प्रमाण निम्म्याला टेकलं, पण ते सहा छापे जिथल्या तिथे आहेत. एकही जादा काटा पडला नाही. ते फिटले नाहीत, गर्दीत बुडाले.

उलट, नुसता फरक मोजला तर तो वाढत जाण्याकडेच कल असतो. 100 फेकांत छाप्यांचा आकडा पन्नासपासून साधारण पाचाने इकडेतिकडे असतो, 10,000 फेकांत पाच हजारांपासून साधारण पन्नासाने. जॉन केरिच नावाच्या गणितज्ञाने दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत असताना खरोखर 10,000 वेळा नाणं फेकलं. वेळच वेळ होता बिचाऱ्याकडे. छापे आले 5,067. म्हणजे 67 जास्त, तरी प्रमाण 50.67 टक्के.

सलग सहा म्हणजे काहीतरी आक्रीत, ही समजूतही काढून टाका. मी वर्गात अर्ध्या पोरांना नाणं 100 वेळा खरोखर फेकायला लावतो आणि उरलेल्यांना मनानेच छापा-काटा लिहायला सांगतो. मग वह्या गोळा करून कुठली खोटी ते ओळखतो. फार चुकत नाही. मनाने लिहिणारा तीन-चार छापे झाले की घाबरून काटा लिहितो. खऱ्या 100 फेकांत मात्र एकाच बाजूची सलग सहाची रांग कुठे ना कुठे सापडायची शक्यता सुमारे 80 टक्के.

आणि क्रिकेटवाल्यांना वेगळं सांगायला नको. 2023 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापासून भारताने एकदिवसीय सामन्यांत सलग 20 टॉस गमावले. दहा झाल्यापासून आमच्या ग्रुपवर दर सामन्याला ‘आज तर जिंकणारच, सरासरी आहे’ चालू होतं. पुढे दहा वेळा तोंडावर पडूनही त्यांचा नियम शाबूत राहिला. डिसेंबर 2025 मध्ये विशाखापट्टणमला टॉस जिंकला तेव्हा म्हणाले, ‘बघा, म्हटलं नव्हतं?’

मुलींचा मुद्दा गणिताने दोन ओळींत संपतो. मुलगा-मुलगी समसंभाव्य धरले तर चार अपत्यांचे क्रम 16. ‘चारही मुली’ हा त्यातला एक. ‘तीन मुली, मग मुलगा’ हाही एकच. तीन मुली आधीच झाल्यात म्हटल्यावर सोळातले हे दोनच क्रम शिल्लक राहतात, बाकी चौदा बाद. दोनांत एक. सशर्त संभाव्यता म्हणजे हेच, नको असलेल्या ओळी खोडून उरलेल्यांत मोजणं. प्रत्यक्षात दर 100 मुलींमागे सुमारे 105 मुलगे जन्मतात, म्हणून 50 ऐवजी 51 टक्के म्हणा. 94 टक्के कुणी म्हणत असेल तर ते खोटं. आणि हे खोटं नाण्याइतकं निरुपद्रवी नाही. ‘आता नक्की’ या आशेवर एखादीच्या शरीराची चौथ्यांदा परीक्षा घेतली जाते, आणि पुन्हा मुलगी झाली की दोष तिच्याच माथी. ‘नक्की’ला पैसे मोजायला तयार असणारी माणसं होती, म्हणून तर गर्भलिंगनिदानाविरुद्ध 1994 मध्ये कायदा करावा लागला. असला आकडा पुढे ढकलताना हात जोडलेली चित्रं टाकू नयेत, एवढं तरी.

‘होईल किंवा नाही, म्हणजे 50 टक्के’. उद्या सकाळी गणपती मंदिराच्या दारात मला हत्ती भेटेल किंवा नाही भेटणार. नमुना अवकाशात, म्हणजे शक्य निकालांच्या यादीत, दोन नावं लिहिली म्हणून दोघांचं वजन सारखं होत नाही. या चुकीला प्रतिष्ठित पूर्वजही आहे. द’आलंबेर या मोठ्या फ्रेंच गणितज्ञाने 1754 मध्ये लिहिलं की दोन फेकांत निदान एक छापा यायची संभाव्यता दोन-तृतीयांश. त्याचा हिशोब असा: पहिल्यात छापा, दुसऱ्यात छापा, किंवा दोन्हींत नाही, झाले तीन प्रकार. पण पहिल्यातच छापा आला तरी दुसऱ्या फेकेच्या दोन शक्यता त्याच्या पोटात असतात, त्याने त्या एकच धरल्या. खरं उत्तर तीन-चतुर्थांश. तेव्हा आमच्या पोरांचे इथे मार्क गेले तर मी फार रागावत नाही.

आता पूर. हा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण नाणं चुकलं तर पाच मार्क जातात, हे चुकलं तर घर जातं.

‘शंभर वर्षांचा पूर’ हे नावच फसवं आहे. त्याचा अर्थ शंभर वर्षांतून एकदा, ठरल्या वेळी, असा नाही. कुठल्याही एका वर्षी तेवढा किंवा त्याहून मोठा पूर यायची संभाव्यता 100 त 1, एवढंच. गेल्या वर्षी आला तरी यंदा 100 त 1 च. शंभर वर्षं वाट पाहिली तरी तो येईलच असंही नाही: न येण्याची शक्यता 0.99 चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे 37 टक्के. आणि वीस वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे 18 टक्के. 2119 पर्यंत झोपायचा सल्ला देणाऱ्याने हा आकडा कर्जाच्या पासबुकावर लिहून ठेवावा.

इथवर मी पुराला नाण्यासारखं वागवलं. पण कृष्णा काही नाणं नाही, आणि मेसेज सगळ्यात जास्त चुकतो तो इथे. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. 2005 ला गावभागात, म्हणजे नदीकाठच्या जुन्या वस्तीत, पाणी शिरलं. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं. 2021 ला पुन्हा धोका पातळी ओलांडली. 2005 आणि 2019 हे दोन्ही ‘शंभर वर्षांचे’ होते असं कुणी म्हणालं, तर 15 वर्षांत असे दोन यायची शक्यता जेमतेम एक टक्का. यावरून ‘कोटा संपला’ असं काढायचं, की ‘100 त 1’ हा मूळ आकडाच कमी धरलाय असा संशय घ्यायचा? वीस वेळा छापा पडला तर मी एकविसाव्याला काट्यावर पैसे लावणार नाही. नाणं उलटून दुसऱ्या बाजूलाही छापाच नाही ना, ते आधी बघेन.

एका पावसाळ्याच्या आत तर गोष्ट आणखी उलटी. ऑगस्टच्या सुरुवातीला कोयना भरत आलेली असते, जमीन आणखी पाणी प्यायला तयार नसते, पात्र आधीच फुगलेलं असतं. अशा वेळी एक पूर ओसरला म्हणून पुढच्या आठवड्यातला टळत नाही. तोच पाऊस जूनमध्ये पडला असता तर जिरला असता, तो आता थेट घाटावर येतो. घटना इथे स्वतंत्र नाहीत हे खरं, पण आधीचं पाणी पुढच्या पुराची शक्यता वाढवतं. पोत्यासारखं होत असतं तर ती कमी झाली असती.

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकणारे काका गावभागातलं घर सोडून आमच्याकडे आलेले. जुनं घर भाड्याने दिलंय. मी हे सगळं त्यांना जिन्यात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, थोडा वेळ काही बोलले नाहीत.

‘सर, 2005 नंतर भाऊ म्हणाला होता, आता आपल्या हयातीत नाही येत. म्हणून फ्रीज खालीच ठेवलेला.’

‘आणि आता भाडेकऱ्यांचा कुठे आहे?’

‘खालीच आहे,’ म्हणाले, आणि फोन काढला.