प्रिंटर गुदमरत नाही, मावशी

परवा दुपारी बडोद्याच्या दांडिया बाजारातून मावशीचा फोन. "अरे, वायफायचा पासवर्ड काढून टाकला, तरी हा मेला प्रिंटर हलत नाही." मी ऑफिसच्या जिन्यातच थांबलो. पासवर्ड काढून टाकला?

मावशी दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते आणि डब्यांवरची लेबलं घरच्या वायफाय प्रिंटरवर काढते. प्रिंटर 'ऑफलाइन' दाखवत होता, आणि नेमका तेव्हाच भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज पडला होता: 'वायफाय प्रिंटर ऑफलाइन? कंपनीवाले लपवतात ते पाच उपाय.' तोच मला त्या आठवड्यात आणखी दोघांनी पाठवला, एकाने गुजरातीत.

पहिला उपाय असा: 'पासवर्डमुळे प्रिंटर गुदमरतो. राउटर ओपन करा, प्रिंटर आपोआप जोडला जाईल.'

गुदमरतो म्हणे! प्रिंटर काय फरसाणाचा डबा आहे, झाकण उघडून हवा द्यायला? पासवर्ड तुम्ही प्रिंटरला एकदाच देता, जोडणी करताना. तो प्रिंटर साठवून ठेवतो, आणि नेटवर्कला कुलूप कोणत्या प्रकारचं आहे तेही. तुम्ही राउटरचं कुलूपच काढलंत की नाव तेच राहतं, पण प्रिंटर शोधतो ते कुलूपवालं नेटवर्क. ते सापडत नाही आणि जोडलेल्या प्रिंटरचीही जोडणी बहुतेक वेळा तुटते. मावशीकडे तेच झालं. सकाळी प्रिंटर निदान वायफायवर होता, दुपारी तोही गेला.

यात अर्धा दाणा खरा आहे, तो नाइलाजाने मान्य करतो. नवा राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या सुरक्षेवर ठेवला असेल तर जुन्या प्रिंटरला ती कळत नाही आणि तो जोडला जात नाही. मग राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ किंवा दोन्हींचा मिश्र पर्याय निवडायचा. पासवर्ड तसाच राहतो.

आणि उघड्या वायफायने काय होतं, हे गुजरातेत राहणाऱ्यांना मी सांगायचं? २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना ईमेल गेला होता. माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत, सानपाड्याला, एका अमेरिकन माणसाच्या घरी. ईमेल त्याने पाठवलाच नव्हता. त्याच्या वायफायला कुलूप नव्हतं आणि दुसऱ्याच कोणीतरी ते वापरलं होतं. तरी संगणक जप्त, चौकशी आणि पेपरात नाव हे सगळं त्याच्या वाट्याला आलं. मावशीच्या वाड्यात खाली चार भाडेकरू आणि समोर चहाची टपरी. मी संध्याकाळी जाऊन पासवर्ड परत लावला, तर तासाभरात खालचा मुलगा वर आला: "मासी, वायफाय बंद थई गयुं?"

दुसरा उपाय: 'प्रिंटर ५ गिगाहर्ट्झवर टाका, वेग वाढेल.' घरगुती प्रिंटरपैकी कितीतरी वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरच चालतात, ५ चा पट्टा त्यांना दिसतच नाही. शिवाय ५ चा सिग्नल भिंतीत लवकर दमतो आणि मावशीच्या वाड्याच्या भिंती दीड हात जाड आहेत. लेबल छापायला वेग हवाय कशाला?

तिसरा: 'फायरवॉल कायमची बंद करा.' नको, बाहेरून येणारं नको ते अडवणारी ती संगणकाची भिंत आहे. विंडोजमध्ये घरचं नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलं गेलं असेल तर प्रिंटर सापडत नाही. ते 'प्रायव्हेट' करा, बस्स. चौथा, रोज फॅक्टरी रीसेट. त्याने वायफायची सगळी माहिती पुसली जाते आणि जोडणी रोज पहिल्यापासून करावी लागते. पाचवा, राउटरमागे ॲल्युमिनियम फॉइल. ती पोळ्या गुंडाळायला ठेवा.

मावशीचा खरा घोटाळा वेगळाच होता. सकाळी लाइट गेली होती. लाइट आल्यावर राउटरने घरातल्या यंत्रांना पत्ते (आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवर यंत्र ओळखायचे आकडे) नव्याने दिले. पासवर्ड लावून प्रिंटर पुन्हा जोडला आणि त्याच्याच मेनूतून नेटवर्कची माहिती देणारं पान छापलं. त्यावर पत्ता होता १९२.१६८.१.७. लॅपटॉपमध्ये प्रिंटरच्या 'पोर्ट'पुढे मात्र जुनाच, शेवटी ४ असलेला. लॅपटॉप बिचारा सकाळपासून रिकाम्या घराची कडी वाजवत होता. पोर्टमधला आकडा बदलला आणि राउटरच्या 'ॲड्रेस रिझर्व्हेशन'मध्ये ७ हा प्रिंटरच्या नावावर कायमचा करून टाकला. दहा मिनिटांचं काम. (तुमच्या पानावर १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, त्याने स्वतःच एक घेतलाय. मग आधी राउटर बंद-चालू करा, तो पूर्ण सुरू होऊ द्या आणि नंतर प्रिंटर.)

लेबलं निघाली. मग मावशी हळूच म्हणाली, तो मेसेज तिनेही पुढे पाठवलाय, मंडळातल्या अकरा जणींना. तिथेच बसून एकेकीला फोन लावायला लावला. नऊ जणींनी तो उघडलाच नव्हता. एकीने फॉइल लावली होती. आणि एकीकडे प्रिंटरच नाही, तिने पासवर्ड तेवढा काढला होता.