आयर्विनला किती?

जुलै लागला की पुण्याची आत्या, ठाण्याचा मेव्हणा, सगळ्यांना अचानक आमची आठवण येते. कसा आहेस वगैरे काही नाही, डायरेक्ट "आयर्विनला किती फूट?" इथं सांगलीत नुसतं भुरभुरतंय, छत्री न्यावी का नको असं चाललेलं. पण आमच्या पावसाचा आणि आमच्या पुराचा काडीचा संबंध नाही हे यांना कोण सांगणार? पाऊस पडतो महाबळेश्वर नि कोयनानगरला, कराडला कोयना कृष्णेत उतरते, पुढं हरिपूरला वारणा येऊन भेटते, आणि माळ्यावर गाद्या चढवायच्या आम्ही.

आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा आमचा १९२९ सालचा पूल, पुराचं पाणी किती फूट चढलं ते इथंच मोजतात. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, हे इथं पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. २०१९ च्या ऑगस्टला ५७ च्या वर गेलं तेव्हा कुणाला हसू येत नव्हतं, ते सोडा. पण एरवी पावसाळ्यात आमची करमणूक एकच, पाणी बघायला जाणे. उन्हाळ्यात घाटावर पोहायचं म्हटलं तर कुणीतरी ग्रुपवर मगरीचा फोटो टाकतो (तो दरवर्षी तोच असतो असा मला दाट संशय आहे), म्हणून मग हरिपूर रोडला चक्कर मारून भडंग खात घरी.

तर यंदा मेव्हणा खास पूर बघायला आला. पुलाजवळ ही गर्दी, कणीसवाले, सेल्फीवाले, पोलिसाची शिट्टी, आणि कठड्याला टेकलेले एक काका, जे कोयनेतनं किती क्युसेक सोडलं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात किती टीएमसी अडवलं हे स्वतः चावी फिरवून आल्यासारखं सांगत होते. मेव्हण्यानं वाकून बघितलं. पाणी ३४ फूट.

"एवढंच होय भाऊजी?"

घरी त्याची बहीण फ्रिज विटांवर चढवून, सिलेंडर जिन्यात बांधून, कागदपत्रांची पिशवी गळ्यात अडकवून बसलेली, आणि साहेबांचा चेहरा पिक्चरचं तिकीट वाया गेल्यासारखा. म्हटलं थांब बाबा, धरणातनं विसर्ग वाढवणारेत म्हणतात.

"मग रविवारपर्यंत राहू का?"

विटा अजून होत्या घरात. त्याची पण बॅग चढवली.